अँड्र्यू जॅक्सन : लोकशाहीचा विस्तार आणि अश्रूंची वाट

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा सातवा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन याचे चरित्र वाचणाऱ्यांचे दोन पक्ष पडतात. एका पक्षाला त्यात अनाथ मुलाने स्वकर्तृत्वाने गाठलेले देशाचे सर्वोच्च पद दिसते. दुसऱ्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या भूमीवरून हुसकावलेल्या हजारो माणसांचा आक्रोश ऐकू येतो. दोन्ही पक्षांना इतिहासाचा आधार आहे. म्हणून हे चरित्र अर्धे वाचून चालत नाही.

जॅक्सनचा जन्म १५ मार्च १७६७ रोजी उत्तर व दक्षिण कॅरोलिनाच्या सीमेवरील वॅक्सहॉ या वसाहतीत झाला. आयर्लंडहून आलेले त्याचे वडील त्याच्या जन्मापूर्वीच वारले होते. स्वातंत्र्ययुद्धात तो लहान वयातच निरोप्याचे काम करू लागला. १७८१ मध्ये इंग्रज सैन्याने त्याला व त्याचा भाऊ रॉबर्ट याला कैद केले. एका अधिकाऱ्याचे बूट साफ करण्यास त्याने नकार दिला, तेव्हा त्याच्यावर तलवारीचा वार झाला. त्याचा व्रण जन्मभर राहिला. थोरला भाऊ युद्धात आधीच गेला होता. रॉबर्ट देवीच्या रोगाने दगावला आणि युद्धकैद्यांची शुश्रूषा करून आईही मृत्यू पावली. चौदाव्या वर्षी तो पोरका झाला.

औपचारिक शिक्षण तुटपुंजे असूनही त्याने कायद्याचा अभ्यास केला. १७८७ मध्ये वकिलीची सनद मिळवून तो पुढच्या वर्षी नॅशव्हिलला गेला. १७९६ मध्ये टेनेसी राज्य अस्तित्वात आले आणि तो त्या राज्याचा काँग्रेसमधील पहिला प्रतिनिधी झाला. पुढे सिनेटचे सदस्यत्व व न्यायाधीशपदही त्याच्याकडे आले. १८०४ मध्ये त्याने हर्मिटेज हा कापसाचा मळा विकत घेतला. तेथे प्रारंभी नऊ गुलाम होते. त्याच्या मृत्युसमयी ही संख्या सुमारे दीडशे झाली होती. याच १८०४ साली पळालेल्या एका गुलामाला पकडून देण्याविषयी त्याने जाहिरात दिली. पकडणाऱ्याने त्या गुलामाला चाबकाचे फटके मारल्यास, दर शंभर फटक्यांमागे दहा डॉलर, असे जादा बक्षीस तीनशे फटक्यांपर्यंत तीत देऊ केले होते. परक्याचे बूट पुसण्याचा अपमान ज्याने स्वतः सोसला नाही, त्याला दुसऱ्याच्या देहावरील फटक्यांची किंमत ठरवताना संकोच वाटला नाही. त्याच्या आयुष्यातील ही विसंगती शेवटपर्यंत मिटली नाही.

राष्ट्रीय कीर्ती त्याला रणांगणाने दिली. २७ मार्च १८१४ रोजी हॉर्सशू बेंड येथे त्याच्या सैन्याने क्रीक जमातीच्या आठशेहून अधिक योद्ध्यांना ठार केले. या लढाईत चेरोकी योद्धे त्याच्या बाजूने लढले होते. त्यानंतरच्या तहाने क्रीकांची सुमारे २ कोटी ३० लाख एकर जमीन गेली. ८ जानेवारी १८१५ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे त्याने इंग्रजांचा पराभव केला आणि तो राष्ट्रवीर ठरला. त्या विजयात स्वतंत्र कृष्णवर्णीय सैनिकांचाही वाटा होता.

१८२४ च्या निवडणुकीत सर्वाधिक मते मिळूनही स्पष्ट बहुमताअभावी निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला आणि जॉन क्विन्सी ॲडम्स अध्यक्ष झाला. १८२८ मध्ये मात्र जॅक्सन मोठ्या मताधिक्याने निवडून आला. या काळात अनेक राज्यांनी मतदानासाठीची मालमत्तेची अट काढून टाकली होती. शेतकरी, कारागीर, मजूर मतदार झाले आणि सत्तेवरील श्रीमंत घराण्यांची मक्तेदारी सैल झाली. हे त्या युगाचे मोठे श्रेय होय. परंतु हा विस्तार गोऱ्या पुरुषांपुरता होता. स्त्रिया बाहेर राहिल्या, गुलाम बाहेर राहिले. जॅक्सनच्याच टेनेसी राज्याने १८३४ च्या राज्यघटनेने स्वतंत्र कृष्णवर्णीयांचा असलेला मताधिकार काढून घेतला.

अध्यक्ष म्हणून तो कणखर होता. दक्षिण कॅरोलिनाने १८३२ मध्ये केंद्राचा जकातीचा कायदा आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवला, तेव्हा त्याने संघराज्याचे ऐक्य ठामपणे राखले. मूठभर धनिकांचे हित पाहणारी संस्था म्हणून त्याने राष्ट्रीय बँकेच्या मुदतवाढीचे विधेयक नाकारले. १८३५ मध्ये राष्ट्रीय कर्ज पूर्णपणे फेडले गेले. मात्र त्याने पद सोडताच १८३७ मध्ये देशावर तीव्र आर्थिक संकट कोसळले.

त्याच्या कारकिर्दीवरील सर्वांत गडद डाग आदिवासींच्या विस्थापनाचा आहे. २८ मे १८३० रोजी त्याने विस्थापनाच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. प्रतिनिधिगृहात हे विधेयक १०२ विरुद्ध ९७ अशा निसटत्या मतांनी संमत झाले होते. टेनेसीचाच डेव्ही क्रॉकेट विरोधात उभा राहिला होता. चेरोकींना मागास ठरवणे सोपे नव्हते. सिक्वोया याने त्यांच्या भाषेसाठी लिपी घडवली होती. १८२७ मध्ये त्यांनी लिखित राज्यघटना स्वीकारली होती. १८२८ पासून त्यांचे वृत्तपत्र निघत होते. त्यांनी शस्त्र न उचलता न्यायालयात दाद मागितली. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेरोकी प्रदेशात जॉर्जिया राज्याचे कायदे लागू होत नाहीत, असा निर्णय दिला. तरीही जॅक्सनने आपली सत्ता त्यांच्या रक्षणासाठी वापरली नाही. १८३५ मध्ये एका अल्पसंख्य गटाशी तह करून सरकारने तो साऱ्या जमातीवर लादला. त्याचा उत्तराधिकारी व्हॅन ब्यूरेन याच्या काळात, १८३८-३९ मध्ये, सुमारे सोळा हजार चेरोकींना सैन्याच्या पहाऱ्यात पश्चिमेकडे हाकलले गेले. त्यांपैकी सुमारे चार हजार भूक, थंडी व रोगराईने मेले असावेत, असा अंदाज आहे. ती अश्रूंची वाट म्हणून इतिहासात ओळखली जाते.

गुलामगिरीविरोधी साहित्य टपालाने दक्षिणेत पाठवण्यावर बंदी घालावी, अशी शिफारस त्याने १८३५ मध्ये काँग्रेसला केली. त्यानेच नेमलेला सरन्यायाधीश रॉजर टॅनी याने १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात, कृष्णवर्णीय अमेरिकेचे नागरिक होऊ शकत नाहीत, असा निर्णय दिला. ८ जून १८४५ रोजी हर्मिटेज येथे जॅक्सनचे निधन झाले, परंतु त्याच्या निर्णयांचे परिणाम त्याच्यानंतरही माणसांना भोगावे लागले.

१९२८ पासून त्याचे चित्र वीस डॉलरच्या नोटेवर आहे. २०१६ मध्ये त्या जागी गुलामगिरीतून स्वतः सुटून इतरांना सोडवणाऱ्या हॅरिएट टबमन यांचे चित्र आणण्याची घोषणा झाली आणि जुना वाद पुन्हा उफाळला. जॅक्सनचे कर्तृत्व नाकारण्याचे कारण नाही; त्याचा अन्याय काळाच्या माथी मारून झाकण्याचेही कारण नाही. त्याच्याच काळात क्रॉकेटसारखे लोक विरोध करत होते आणि न्यायालय योग्य निर्णय देत होते. बहुमताने निवडलेले सरकारही अन्यायी असू शकते आणि न्यायालयाचा निर्णय अमलात आणणारे हात नसतील तर तो कागदावरच राहतो, हे या चरित्रातून आपल्या विद्यार्थ्यांनी शिकावे. कोणताही नेता लोकांच्या नावाने बोलू लागला की त्या लोकांत कोणाकोणाची गणना होते, हे त्यांनी विचारावे.