पाखरांचा सांगाती

मनुष्य रानात जातो तो नाना हेतूंनी. कोणी शिकारीसाठी जातो, कोणी तळ्याकाठी गळ टाकून बसतो, तर कोणी चार घटका विसावा मिळावा म्हणून पाठीवर शिधा बांधून डोंगर चढतो. परंतु पाखरांची ओळख करून घेण्यासाठी ज्यांनी आपले उभे आयुष्य रानावनांत घालविले, असे पुरुष विरळाच. डॉ. सलीम अली हे अशांपैकी एक होत.

सलीम यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईस झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. आईबापांचे छत्र लहानपणीच हरपल्यामुळे मामांनी त्यांना वाढविले. मुलाला छर्‍याच्या बंदुकीचा मोठा नाद होता. एके दिवशी त्याने एक चिमणी पाडली. पाहतो तो तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! ही चिमणी कोणती, हे कोणासच सांगता येईना. शेवटी मामांनी त्याला मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेत पाठविले. तेथील मिलर्ड साहेबांनी तिचे नाव सांगितले आणि पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे कप्प्यांमागून कप्पे उघडून दाखविले. त्या दिवशी शिकारी मुलातील अभ्यासक जागा झाला.

पुढील वाट मात्र सोपी नव्हती. जर्मनीत पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन ते १९३० मध्ये परतले, तेव्हा वस्तुसंग्रहालयातील त्यांची जागाच पैशांअभावी रद्द झाली होती. विद्यापीठाची मोठी पदवी नसल्यामुळे दुसरी नोकरीही मिळेना. पत्नी तहमीना यांच्यासह ते अलिबागजवळील किहीम येथे जाऊन राहिले. तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्यात तासन्‌तास बसून त्यांनी निरीक्षण केले, तेव्हा असे दिसले की, नर घरटे अर्धे विणतो. मादीने ते पसंत केल्यावरच पुरे करतो आणि मग दुसरे घरटे विणावयास घेतो. बेकारीच्या दिवसांतच या शोधाने त्यांचे नाव झाले.

मग त्यांनी एक धाडस केले. प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च मिळाल्यास आपण विनावेतन पक्ष्यांची पाहणी करू, असे त्यांनी संस्थानिकांना कळविले. हैदराबाद संस्थानाने ते मान्य केले. आजचे नांदेड व लातूर हे जिल्हे त्या काळी याच संस्थानात मोडत. १९३१-३२ मध्ये पतिपत्नी बैलगाडीत सामान घालून रानोमाळ हिंडली. आज येथे तंबू, तर उद्या तेथे. पहाटे उठून पक्षी टिपावयाचे, शास्त्रासाठी लागतील तेवढेच नमुने घ्यावयाचे आणि नोंदी लिहावयाच्या, असा त्यांचा क्रम असे.

१९३९ मध्ये तहमीनाबाई निवर्तल्या. या आघाताने सलीम खचले. पण त्यांनी काम सोडले नाही. १९४५ मध्ये ते मानसरोवरास गेले. सुमारे १५,००० फूट उंचीवरील त्या सरोवराकाठी यात्रेकरू दर्शनासाठी जातात. सलीम गेले ते पक्षी पाहण्यासाठी. हिवाळ्यात जायकवाडीसारख्या आपल्या जलाशयांवर उतरणार्‍या पट्टकादंब हंसांची वीण त्याच परिसरात होते. आपल्या तळ्यावरील पाहुणा हिमालय ओलांडून येतो, हे जाणले म्हणजे तळ्याकडे पाहण्याची दृष्टीच पालटते.

भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे पुस्तक १९४१ मध्ये निघाले. पुढे रिप्ले यांच्या साहाय्याने त्यांनी दहा खंडांचा ग्रंथ १९७४ मध्ये पुरा केला. १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला. त्याच सुमारास लाभलेल्या आंतरराष्ट्रीय पारितोषिकाच्या रकमेतून त्यांनी निसर्गरक्षणासाठी निधी उभारला. २० जून १९८७ रोजी, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांचे देहावसान झाले.

मुलांनो, एका चिमणीचे नाव ठाऊक नव्हते, म्हणून एका मुलाने ते विचारले. एवढ्याशा प्रश्नातून केवढे जीवन घडले! तुमच्या अंगणातही रोज पाखरे उतरतात. त्यांतील किती जणांची नावे तुम्हांस ठाऊक आहेत?