दीड मिनिटाची कुस्ती

भोईवाडा, परळ, लालबागच्या जुन्या मंडळींना तालीम म्हणजे काय ते सांगायला नको. तिथल्या लाल मातीत बाईने उतरायचे नाही, हा सगळीकडचा रिवाज. त्याच काळात, १९४४ साली, हमीदा बानूंची गुंगा पैलवानाशी कुस्ती पाहायला मुंबईत वीसेक हजार लोक जमले. पैलवानाने ऐनवेळी जादा पैसे आणि जादा मुदत मागितली. कुस्ती रद्द झाली आणि चिडलेल्या लोकांनी स्टेडियमची मोडतोड केली.

हमीदा बानू उत्तर प्रदेशच्या. अलीगढला सलाम पैलवानांच्या हाताखाली त्या तयार झाल्या. जोडीला बाई मिळेना, म्हणून पुरुषांशीच लढल्या. उंची सव्वापाच फूट, वजन १०८ किलो. खुराकात रोज साडेपाच लिटर दूध, किलोभर मटण, एक कोंबडी, सहा अंडी, किलोभर बदाम आणि वर दोन प्लेट बिर्याणी, असे तेव्हाची वर्तमानपत्रे छापत. (रोजेदारांनी ही यादी इफ्तारनंतरच वाचावी.)

१९५४ च्या फेब्रुवारीत त्यांनी जाहीर केले, की जो मला हरवील त्याच्याशी निकाह करीन. पतियाळा आणि कलकत्त्याचे पैलवान हरले. मे महिन्यात बडोद्याला बाबा पैलवान १ मिनिट ३४ सेकंदांत चितपट झाले. छोटे गामा तर बाईशी लढणार नाही म्हणून आधीच मागे फिरले होते. त्याच वर्षी मुंबईत रशियाच्या वेरा चिस्टिलिन मिनिटभरही टिकल्या नाहीत.

आपल्याकडे मात्र मातीपेक्षा मातीबाहेरचा सामना अवघड ठरला. कोल्हापुरात शोभासिंग पंजाबीला पाडले, तर लोकांनी दगड मारले. पोलिसांना मध्ये पडावे लागले. ही नुरा कुस्ती आहे, असा बोभाटा झाला. पुण्यात रामचंद्र साळुंखेंबरोबरची कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे झालीच नाही. त्यांनी मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडे तक्रार केली. बंदी त्या बाई आहेत म्हणून नाही, आयोजक खोटे पैलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून, असे उत्तर मिळाले. सगळ्याच कुस्त्या खऱ्या होत्या असे मीही छातीठोक म्हणणार नाही. पण दगड फक्त त्यांनाच का, हा प्रश्न उरतोच.

पुढे त्यांनी युरोपला जायचे ठरवले आणि अचानक आखाड्यातून दिसेनाशा झाल्या. त्यांनी जाऊ नये म्हणून सलाम पैलवानांनीच त्यांचे हात मोडले, असे घरच्यांनी नंतर सांगितले. पायही दुखावले होते. कित्येक वर्षे त्या काठीच्या आधाराने चालत. कल्याणला दुधाचा धंदा केला, काही खोल्या भाड्याने दिल्या. हात आखडला तेव्हा घरी केलेले पदार्थ रस्त्याच्या कडेला बसून विकले. १९८६ साली त्या वारल्या.