विश्लेषण : जपानच्या नोटेवरील त्सुदा उमेको कोण? त्यांना कोणाची साथ लाभली?

जपानच्या ५००० येनच्या नोटेवर जुलै २०२४ पासून शिक्षणतज्ज्ञ त्सुदा उमेको यांचे चित्र आहे. त्यांच्या कामामागे दोन मैत्रिणीही होत्या.

तिघी कशा भेटल्या?
जपान सरकारने १८७१ मध्ये पाच मुलींना शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवले. उमेको सर्वांत लहान, सहा वर्षांची. दोघी लवकर परतल्या. उमेको, सुतेमात्सु आणि शिगेको राहिल्या. सुतेमात्सु आणि शिगेको वासर कॉलेजात शिकल्या. सुतेमात्सु १८८२ मध्ये पदवीधर झाल्या. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या जपानी महिला.

परतल्यावर काय झाले?
उमेको मातृभाषाच विसरल्या होत्या. अशा वेळी मैत्रिणींचाच आधार होता. सुतेमात्सु लष्करमंत्री ओयामा यांच्या पत्नी झाल्या. उमेको अविवाहित राहिल्या. त्यांनी १९०० मध्ये टोकियोत मुलींसाठी उच्च शिक्षणाची शाळा काढली. विद्यार्थिनी अवघ्या १०. सुतेमात्सु सुरुवातीपासून पाठीशी होत्या.

साथ कुठवर?
उमेको आजारी पडल्यावर नव्या प्रमुखाचा शोध सुतेमात्सु यांनी अंगावर घेतला. फेब्रुवारी १९१९ मध्ये नेमणूक मार्गी लागली आणि त्याच महिन्यात फ्लूच्या साथीत त्यांचे निधन झाले. उमेको १९२९ मध्ये गेल्या. ती शाळा आज त्सुदा विद्यापीठ आहे.