श्रीसंत गाडगेबाबा आणि घरची पंगत

पंढरीच्या वाटेनं चालणाऱ्या माणसाला गाडगेबाबा ठाऊक नाहीत, असं होत नाही. हातात खराटा, संगतीला मातीचं गाडगं आणि अंगावर चिंध्यांचा वेष. बाबांची स्वच्छता, धर्मशाळा, अन्नदान यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. दिंडीच्या शंभराव्या वर्षी या स्मरणिकेत आम्ही त्यांच्या चरित्रातली एकच गोष्ट सांगणार आहोत. ती आहे घरच्या पंगतीची. गळ्यात माळ एकजण घालतो, पण घर दहाजणांचं असतं. माळ घालणाऱ्याचं मांसमच्छर सुटतं, बाकीच्यांचं सुटत नाही. मग एकाच छपराखाली दोन चुली होतात आणि कधीकधी मनंही दोन होतात. अशा घरांनी बाबांचं चरित्र मुद्दाम ऐकावं.

बाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, परीट घराण्यातला. वडील झिंगराजी दारूच्या नादी लागले आणि त्यातच १८८४ साली गेले. डेबू तेव्हा आठ वर्षांचं पोर. आई सखुबाई त्याला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला माहेरी आली. तिथं डेबूनं गुरं राखली, औत धरलं, मामाच्या शेतात राबराब राबला. पुढं मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना त्यानं डोळ्यांनी पाहिली. बाटलीनं बाप नेला आणि कर्जानं जमीन. या दोन गोष्टी त्याच्या काळजात रुतून बसल्या.

त्या काळी बारसं असो, लग्न असो की दिवस असोत, भावकीला दारू आणि मटणाचं जेवण घालावंच लागे. घरात पैसा नसला तरी सावकाराकडून आणून बकरं कापायचं. नाही कापलं तर चारचौघांत नाक कापलं जायचं. नवसाचीही तीच तऱ्हा. पोर आजारी पडलं की देवाला कोंबडं बोलायचं आणि बरं झालं की जत्रेत बकऱ्याचा मान द्यायचा.

१८९२ साली डेबूजींचं कुंताबाईंशी लग्न झालं. पुढं मुलगी झाली आणि तिचं बारसं आलं. सोयरेधायरे जमले ते रीतीप्रमाणं जेवायला मिळेल या हिशेबानं. डेबूजींनी दारू आणली नाही, बकरंही कापलं नाही. पानावर गोडाधोडाचं शाकाहारी जेवण वाढलं. आपल्या माणसांना ते रुचलं नाही, नाराजी झाली. त्या काळी जातभाईंची नाराजी म्हणजे हसण्यावारी नेण्याची बाब नव्हती. सोयरीक, सुखदुःख, खांदा देणारी माणसं, सगळं भावकीवरच अवलंबून असे. तरी डेबूजी मागं हटले नाहीत.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डेबूजींनी बारसं बंद ठेवलं नाही, सोयऱ्यांना दाराबाहेर काढलं नाही, पाहुण्यांना उपाशीही धाडलं नाही. जुनं काढून घेतलं तिथं गोड वाढलं. आपल्या माणसाचं मन वळवायचं तर त्याचं पान रिकामं ठेवून चालत नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडलं. आई, बायको, लेकरं मागं राहिली. तिथून पुढं सारा महाराष्ट्र त्यांचं घर झाला. दिवसा खराट्यानं गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनातून माणसांची मनं झाडायची. कीर्तनात ते सांगत कमी आणि विचारत जास्त. देव सगळ्या जीवांचा बाप आहे ना, हे आधी लोकांकडूनच कबूल करून घेत. मग तो आपल्याच लेकराचं मांस कसं मागेल, हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या पदरात टाकून मोकळे होत. उत्तर ज्याचं त्यानं घरी जाऊन शोधायचं. कर्ज काढून सण करू नका, दारूला शिवू नका, लेकरांना शाळेत घाला, हेही त्याच कीर्तनात येई. बकऱ्याचा पैसा पोराच्या पाटीपुस्तकाला लागावा, असा त्यांचा रोकडा हिशेब होता. कितीतरी गावांत लोकांनी नवसाची हत्या सोडली ती असं ऐकून ऐकून. मूर्तिजापूरला बाबांनी गोरक्षण उभं केलं. त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न आणि तहानेल्याला पाणी आहे, तसंच मुक्या जनावरांना अभयही आहे.

पण मांस खाणाऱ्याला बाबांनी कधी हीन लेखलं नाही. ताटात काय आहे यावरून माणसाची जात आणि योग्यता ठरवणाऱ्यांशी तर त्यांचा उभा दावा होता. पंढरपुरात ज्यांना कुणी उतरू देत नव्हतं त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेच्या हवाली केली. आपण शाकाहारी म्हणून सोवळे, असा ताठा ज्याला चढला, त्याला बाबा कळले नाहीत.

आम्ही दिंडीतल्या घरांत पाहतो ते हेच. जिथं माळकऱ्यानं घरच्यांशी भांडण मांडलं, तिथं सून चोरून शिजवते आणि पोरं बाहेर खातात. जिथं त्यानं गोडीनं घेतलं, तिथं आधी एकादशी पाळली जाते, मग श्रावण, मग चातुर्मास. माउली वारीला गेली की घरातलं कुणीतरी आपणहून म्हणतं, ती येईपर्यंत चुलीवर नको. एखाद्या वर्षी तेच माणूस दिंडीत चालताना दिसतं. कुणाला दोन वर्षं लागतात, कुणाला वीस. वाट पाहण्याची तयारी हवी. आणि घरातलं एखादं माणूस कधीच वळलं नाही, तरी ते आपलंच असतं. पंगतीत त्याचं पान मांडायचंच.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जाताना वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी, बाबांनी देह ठेवला. मागं धर्मशाळा राहिल्या, सदावर्तं राहिली. मंदिर मात्र त्यांनी एकही बांधलं नाही. बारशाच्या दिवशी आपल्याच माणसांची नाराजी सोसून ज्यानं गोडाचं पान वाढलं, त्यानं पुढं हजारो भुकेल्यांना पोटभर जेवू घातलं. येत्या आषाढीला माळ घालणाऱ्या भाविकांनी घरी परतल्यावर आधी आपल्या हातानं घरच्यांना एक गोडाचं जेवण वाढावं आणि मग जे सांगायचं ते सांगावं, एवढीच आमची विनंती.

रामकृष्ण हरी!