लिव्हिंग्स्टन यांचे खांदेकरी

डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८१३ सालीं स्कॉटलंडांत जन्मले व दहाव्या वर्षींच सूतगिरणींत राबूं लागले. १८४१ त मिशनरी म्हणून ते आफ्रिकेस गेले. धर्मांतराच्या कामीं यश बेताचेंच आलें. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध मात्र ते अखेरपर्यंत झगडले. १८७३ च्या मे महिन्यांत, आजच्या झांबियांतील चितांबोच्या गांवीं त्यांचा अंत झाला. प्रेत तेथेंच पुरून सोबती घरोघर गेले असते, तर त्यांस कोण दोष देता? परंतु सुसी, चुमा प्रभृति मंडळींनीं हृदय तेथें झाडाखालीं पुरलें, देह मीठ लावून उन्हांत वाळविला, व हजारांवर मैल वाहून समुद्रकांठीं आणला. त्यांतील जेकब वेनराइट हा गुलामगिरींतून सुटून आमच्या नाशिकजवळ शरणपूर येथें शिकलेला. चुमाही कांहीं काळ मुंबईच्या मिशनशाळेंत होता.

१८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबेंत थाटानें दफनविधि झाला. वेनराइट हजर होता. चुमा व सुसी नव्हते. ही कृतज्ञता आम्हांस अपुरी वाटते. ते दोघे इंग्लंडास पोंचले तें मागाहून, आणि तेंही जेम्स यंग या लिव्हिंग्स्टन यांच्या मित्रानें पदरचे पैसे खर्चिले म्हणून.