कावसजी दादाभाई नायगमवाला
कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८) हे भारतीय खगोलभौतिकशास्त्रज्ञ आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे संचालक होते. वर्णपटशास्त्राच्या आधारे खगोलीय संशोधन करणाऱ्या आरंभीच्या भारतीयांमध्ये त्यांची गणना होते. मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या हिरव्या रेषेविषयीचे त्यांचे निरीक्षण विशेष महत्त्वाचे मानले जाते.

शिक्षण व वेधशाळा

नायगमवाला यांचे शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात झाले आणि तेथेच ते भौतिकशास्त्राचे अध्यापक झाले. भावनगर संस्थानचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून व मुंबई सरकारच्या साहाय्याने त्यांनी वेधशाळेसाठी उपकरणे मिळवली. पुण्यातील कॉलेज ऑफ सायन्समध्ये (आताचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ) ही वेधशाळा १८८८ मध्ये उभी राहिली. ग्रब यांनी घडवलेली तिची २० इंची (५०.८ सेंमी.) परावर्ती दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी होती.

तरंगलांबीचे एकक

प्रकाशाची तरंगलांबी मोजण्यासाठी मिलिमीटर फार मोठा पडतो. स्वीडनचे आन्डेर्स अँगस्ट्रॉम (१८१४–१८७४) यांनी १८६८ मध्ये सूर्याच्या वर्णपटाचा नकाशा प्रसिद्ध करताना मिलिमीटरचा एक कोटीवा भाग एकक म्हणून वापरला. या एककाला पुढे त्यांचेच नाव मिळाले. १ मीटरमध्ये १० अब्ज (१०^१०) अँगस्ट्रॉम, तर १ नॅनोमीटरमध्ये १० अँगस्ट्रॉम असतात. तेजोमेघांच्या वर्णपटातील प्रमुख हिरव्या रेषेची तरंगलांबी ५,००७ अँगस्ट्रॉम, म्हणजे ५००.७ नॅनोमीटर किंवा ०.०००५००७ मिलिमीटर आहे. सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीच्या केसाच्या रुंदीत असे जवळपास २०० तरंग मावतील.

तेजोमेघाच्या रेषेचा वाद

ही रेषा विल्यम हगिन्स यांना १८६४ मध्ये प्रथम दिसली. ती कोणत्या मूलद्रव्याची, हे मात्र कळत नव्हते. नॉर्मन लॉकियर यांच्या मते ती मॅग्नेशियमच्या वर्णपटातील एका पट्ट्याची कड होती. तेजोमेघ हे उल्कांचे थवे आहेत, हा त्यांचा सिद्धांत बऱ्याच अंशी याच मतावर उभा होता. दोन्हींच्या स्थानांतील फरक एका अँगस्ट्रॉमहूनही कमी होता. त्यामुळे केवळ स्थान पाहून निर्णय करणे अवघड होते आणि रेषेचे स्वरूप निर्णायक ठरणार होते. मॅग्नेशियमचा पट्टा एका कडेला ठळक असून दुसरीकडे विरत जातो. नायगमवाला यांनी पुण्याहून मृग नक्षत्रातील तेजोमेघाचा वर्णपट तपासला, तेव्हा ही रेषा दोन्ही बाजूंनी अरुंद व रेखीव आढळली. १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेले हे निरीक्षण लॉकियर यांच्यासारख्या मान्यवराच्या मताविरुद्ध जाणारे, तर हगिन्स आणि अमेरिकेचे जेम्स कीलर यांच्या मताला पुष्टी देणारे होते. ही रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, असे आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखवून दिले.

१८९८ चे खग्रास सूर्यग्रहण

२२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकला. हे गाव अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्याला लागून असलेल्या करमाळा तालुक्यात असून नगर तालुक्यातील जेऊर हे वेगळे गाव आहे. लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल यांचे पथकही येथेच होते, तर लॉकियर विजयदुर्गास होते. खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटे टिकली. सूर्याच्या प्रभामंडलातील हिरव्या रेषेची तरंगलांबी ५,३१७ नसून सुमारे ५,३०३ अँगस्ट्रॉम आहे, हे कॅम्पबेल व लॉकियर यांच्या या ग्रहणातील मोजमापांवरून स्पष्ट झाले. फरक अवघा १.४ नॅनोमीटरचा होता, पण त्यामुळे या रेषेची लोहाच्या परिचित रेषेशी घातलेली सांगड चुकीची ठरली. ती १३ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची असल्याचे पुढे बेंग्ट एडलेन यांच्या संशोधनातून सिद्ध झाले. नायगमवाला यांचा ग्रहणविषयक अहवाल १९०२ मध्ये वेधशाळेतर्फे प्रसिद्ध झाला.

निवृत्ती व वारसा

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि त्यांच्यामागे वेधशाळाही बंद करण्यात आली. तिची उपकरणे कोडाईकनाल वेधशाळेकडे पाठवण्यात आली. तेथे २० इंची दुर्बीण भावनगर दुर्बीण या नावाने ओळखली जाऊ लागली. १९३८ मध्ये नायगमवाला यांचे निधन झाले.