पगार सोडला, काम नाही

मेरी जेन रॅथबन यांचा जन्म १८६० साली अमेरिकेतील बफेलो येथे झाला. समुद्र त्यांनी प्रथम पाहिला तो १८८१ मध्ये, भावाबरोबर वुड्स होल येथे गेल्यावर. महाविद्यालयाची पायरी न चढताही, समुद्री जीवांचे नमुने लावता लावता त्या वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात नोकरीस लागल्या. खेकडे हा त्यांचा विषय झाला. निळ्या खेकड्याला त्यांनी १८९६ मध्ये दिलेले कॅलिनेक्टिस सॅपिडस हे नाव आजही चालते. सॅपिडस म्हणजे चवदार!

संग्रह वाढत गेला, तो जतन करायला माणसे अपुरी पडू लागली. मदतनीस नेमायला पैसा नव्हता. तेव्हा १९१४ साली त्यांनी राजीनामा दिला, आपल्या पगारावर वाल्डो श्मिट या तरुणाची नेमणूक व्हावी म्हणून. स्वतः मात्र बिनपगारी काम करीत राहिल्या. १९१७ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. अमेरिकेतील खेकड्यांवरचे त्यांचे चार मोठे ग्रंथ १९१८ ते १९३७ या काळात, म्हणजे सगळे निवृत्तीनंतर निघाले. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले.

आम्हा नोकरदारांची निवृत्तीची तारीख सेवापुस्तकात लिहिलेली असते. कामाचे तसे नसते, हे बाईंच्या आयुष्याकडे पाहिले की पटते.